जुन्या मोटरसायकली : संग्रह, जीर्णोद्धार आणि सुटे भाग

उत्पादन थांबलेल्या किंवा ठरावीक वय ओलांडलेल्या मोटरसायकली मिळवणे, त्यांची ओळख पटवणे, त्या दुरुस्त करून चालत्या करणे आणि त्यासाठी लागणारे सुटे भाग शोधणे, साठवणे किंवा नव्याने घडवणे, असे या छंदाचे व व्यवसायाचे स्वरूप आहे. बाहेरून पाहणाऱ्याचे लक्ष गाडीकडे जाते. संग्राहकाचा बहुतेक वेळ मात्र सुट्या भागांमागे खर्च होतो. एखादे मॉडेल पुढे रस्त्यावर दिसेल की नाही, हे त्याच्या कीर्तीपेक्षा त्याचे भाग, आरेखने आणि कारखान्यातील नोंदी कितपत शिल्लक आहेत यावर अधिक अवलंबून असते.

वर्गीकरण : ‘विंटेज’ हा शब्द बोलण्यात कोणत्याही जुन्या गाडीला लावला जातो, पण संग्राहकांच्या संस्था तो काटेकोरपणे वापरतात. ब्रिटिश प्रथेनुसार १९१५ पूर्वीच्या मोटरसायकली ‘व्हेटरन’ आणि त्यानंतर १९३० अखेरपर्यंतच्या ‘विंटेज’ मानल्या जातात. ‘क्लासिक’ ही संज्ञा त्यामानाने सैल आहे. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने किमान तीस वर्षे वयाची अट घातली आहे. शिवाय वाहन ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेले असावे आणि रोजच्या वाहतुकीसाठी वापरात नसावे, अशीही तिची अपेक्षा आहे.

पूर्वपीठिका : डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ मध्ये बनवलेले लाकडी चौकटीचे दुचाकी वाहन पहिली पेट्रोल मोटरसायकल समजले जाते. ते मूळ वाहन १९०३ मध्ये कारखान्याला लागलेल्या आगीत जळाले, त्यामुळे आज संग्रहालयांत दिसतात त्या सर्व त्याच्या प्रतिकृती आहेत. १८९४ पासून म्युनिकमध्ये तयार झालेली हिल्डेब्रांड अँड वोल्फम्युलर ही पहिली व्यापारी उत्पादनातील मोटरसायकल असून तिचे काही अस्सल नमुने मात्र शिल्लक आहेत. जुन्या गाड्या भंगारात जात असल्याचे पाहून ब्रिटनमध्ये १९४६ साली ‘व्हिंटेज मोटर सायकल क्लब’ स्थापन झाला. आरंभी १९३१ पूर्वीच्याच गाड्यांना तेथे प्रवेश होता. आता पंचवीस वर्षे पूर्ण केलेली कोणतीही मोटरसायकल चालते. पुढे याच क्लबचे ग्रंथालय बंद पडलेल्या अनेक कंपन्यांच्या नोंदवह्यांचे आश्रयस्थान बनले.

ओळख पटवणे : गाडी विकत घेण्यापूर्वी इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक तपासणे ही पहिली पायरी होय. कारखान्यातून गाडी कोणत्या दिवशी, कोणत्या रूपात आणि कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली याची नोंद उपलब्ध असेल, तर हे क्रमांक तिच्याशी ताडून पाहता येतात. सर्व कंपन्यांच्या बाबतीत अशी सोय नाही. कॉव्हेंट्री येथील ट्रायम्फचा कारखाना नोव्हेंबर १९४० मधील बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आणि तेथील कागदपत्रेही गेली. त्यामुळे त्याआधीच्या ट्रायम्फ गाड्यांबद्दल पुष्कळदा तर्कावरच भिस्त ठेवावी लागते.

क्रमांक जुळत असले म्हणजे ते अस्सलच असतात असेही नाही. घासून पुन्हा ठोकलेले आकडे त्यांच्या वळणावरून, खोलीवरून आणि भोवतालच्या धातूच्या पृष्ठभागावरून ओळखू येतात. त्यासाठी त्याच वर्षाच्या निर्विवाद अस्सल गाडीवरील आकड्यांची छायाचित्रे जवळ ठेवावीत. फसवणुकीचे काही प्रकार तर रूढ झाले आहेत. बीएसए या ब्रिटिश कंपनीची ‘गोल्ड स्टार’ ही शर्यतीची गाडी आणि त्याच कंपनीची साधी ‘बी३१’ यांच्यात बरेच साम्य असल्याने दुसरीची पहिली करून विकण्याचा मोह अनेकांना झाला. पण गोल्ड स्टारच्या उत्तरकालीन चॅसीत उजवीकडच्या खालच्या नळीला तेलपंपासाठी दिलेला बाक असतो, तो साध्या चॅसीत नसतो. बीएमडब्ल्यूच्या ‘आर७१’ वरून सोव्हिएत ‘एम-७२’ आणि तिच्यावरून चिनी ‘चांग जियांग’ तयार झाली. या दोन्हींना करडा रंग आणि जर्मन चिन्हे लावून महायुद्धातील बीएमडब्ल्यू म्हणून पुढे करण्याचे प्रकार होत आले आहेत. उलट, अस्सल पण दुर्लक्षित राहणाऱ्या बारकाव्यांमुळे किंमत वाढल्याचीही उदाहरणे आहेत : होंडाच्या १९६९ च्या ‘सीबी७५०’ मधील पहिल्या सुमारे ७,४०० गाड्यांच्या इंजिनाचे कवच नंतरच्यांपेक्षा खडबडीत ओतकामाचे आहे, आणि संग्राहक नेमके तेच शोधतात.

जतन की जीर्णोद्धार : या क्षेत्रातील सर्वांत जुना वाद हा आहे. एक पक्ष गाडी पूर्ण सुटी करून प्रत्येक भाग नव्यासारखा करतो. दुसरा पक्ष मूळ रंग, विटलेला मुलामा आणि वापराच्या खुणा ठेवून केवळ यांत्रिक दुरुस्ती करतो. गेल्या काही दशकांत दुसऱ्या पक्षाचे वजन वाढले आहे आणि ते योग्यच आहे, कारण कारखान्यातला रंग एकदा खरवडला की तो परत आणता येत नाही. शिवाय तो रंगच पुढच्या जीर्णोद्धारकांसाठी पुरावा असतो. अनेक ‘संपूर्ण जीर्णोद्धार’ केलेल्या गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या तेव्हा होत्या त्यापेक्षा जास्त चकचकीत असतात. जेथे मुळात साधा काळा रंग किंवा कॅडमियमचा फिकट मुलामा होता, तेथे क्रोम चढवलेले दिसते. ‘फिवा’ने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत कमीत कमी हस्तक्षेप, केलेल्या कामाची नोंद आणि बदललेल्या भागांवर ओळखता येईल अशी खूण, या तत्त्वांवर भर आहे.

तथापि काही प्रसंगी निवडीला वावच राहत नाही. बर्मिंगहॅमजवळच्या ‘नॅशनल मोटरसायकल म्युझियम’ला सप्टेंबर २००३ मध्ये लागलेल्या आगीत सुमारे ३८० गाड्या सापडल्या. ॲल्युमिनियमचे भाग वितळून गेले आणि कित्येक गाड्यांच्या केवळ लोखंडी चौकटी उरल्या. त्यांपैकी बहुतेक पुन्हा उभ्या करण्यात आल्या. त्या कामात नवे भाग इतके वापरावे लागले, की अशी गाडी जुनी म्हणावी की नवी हा प्रश्न उपस्थित होतोच. संग्रहालयाच्या दृष्टीने मात्र रचना आणि इतिहास यांचे दर्शन घडवण्याचे काम ती करते.

सुटे भाग : भागांचे ढोबळमानाने तीन स्रोत असतात. कारखान्यात तयार झालेला पण कधीच न वापरलेला, जुन्या वेष्टनातला भाग सर्वांत मोलाचा मानला जातो, मात्र त्यातील रबर, पॅकिंग आणि विद्युत रोधक आवरण केवळ वयामुळेही निकामी झालेले असू शकते. दुसरा स्रोत जुन्या गाड्या मोडून काढलेल्या भागांचा. तिसरा नव्याने बनवलेल्या नकली किंवा प्रतिकृती भागांचा; यांचा दर्जा उत्कृष्टापासून घातकापर्यंत काहीही असतो. चिन्हपट्टी किंवा मडगार्ड निकृष्ट निघाले तर केवळ दिसायला वाईट, पण कनेक्टिंग रॉड, पुढच्या चिमट्याची नळी किंवा ब्रेकची तार निकृष्ट निघाली तर जिवावर बेतते.

अनुभवी संग्राहक भागाचे नाव सांगून शोध घेत नाही, त्याचा क्रमांक सांगतो. कंपनीने छापलेली सचित्र भागसूची म्हणूनच गाडीइतकी जपली जाते. तिच्यातून आणखी एक लाभ होतो : त्या काळी मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे यंत्र) ल्यूकस किंवा बॉशचा, कार्ब्युरेटर अमलचा, वेगमापक स्मिथ्सचा अशी बाहेरून खरेदी चाले, त्यामुळे एकच भाग वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसतो आणि दुर्मिळ गाडीचा भाग सामान्य गाडीच्या ढिगात सापडू शकतो. असे ढीग विकायला येतात ते खास बाजारांत. इंग्लंडमधील ब्यूली येथे १९६७ पासून भरणारा बाजार त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे.

काही मॉडेलांचे दैव बलवत्तर ठरले. रॉयल एनफिल्डचे इंग्लंडमधील उत्पादन थांबले तरी मद्रासमध्ये १९५५ पासून सुरू झालेली ‘बुलेट’ दीर्घकाळ बनत राहिली, म्हणून जुन्या बुलेटचे बरेच भाग आजही सहज मिळतात. व्हिन्सेंट या ब्रिटिश कंपनीची कहाणी वेगळी आहे. कंपनीने १९५५ मध्ये मोटरसायकली बनवणे बंद केले, पण मालकांच्या क्लबने स्वतःची भागनिर्मिती कंपनी काढली आणि हळूहळू जवळपास प्रत्येक भाग पुन्हा घडवला; इतका, की केवळ नव्या भागांपासून तिच्या ‘ब्लॅक शॅडो’ मॉडेलची एक अख्खी गाडी जोडून दाखवण्यात आली. मोजक्या संख्येने बनलेल्या आणि क्लब नसलेल्या गाड्यांच्या मालकांना मात्र जुना झिजलेला भागच नमुना म्हणून वापरावा लागतो. त्रिमितीय स्कॅनिंगमुळे हे काम सोपे झाले असले तरी यंत्र झिजलेल्या भागाचे झिजलेलेच माप देते. मूळ माप कोणते असावे हे कारागिरालाच ठरवावे लागते.

कार्यशाळेतील काम : गाडी सुटी करण्यापूर्वी प्रत्येक तार, वायसर आणि नळी यांची जागा दाखवणारी छायाचित्रे घेतात. ब्रिटिश गाड्यांवर काम करताना आट्यांचा प्रश्न लगेच समोर येतो. व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर सायकल उद्योगातून आलेल्या आणि बहुधा दर इंचाला २६ आटे असलेल्या प्रकाराचा ६० अंशांचा असतो; एकाच गाडीत दोन्ही आढळतात. व्हिटवर्थ पान्यावरील आकडा नटाच्या बाजूंमधील अंतराचा नसून बोल्टच्या दांड्याच्या व्यासाचा असतो. मिळेल तो मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने फिरवून बसवल्यामुळे जितकी ॲल्युमिनियमची कवचे बाद झाली असतील, तितकी अपघातांतही झाली नसावीत.

इंजिनाच्या कवचाचे दोन अर्धे भाग कारखान्यात एकत्र धरून बेअरिंगसाठी कोरलेले असत, म्हणून वेगवेगळ्या इंजिनांचे अर्धे जोडल्यास क्रँकशाफ्ट सरळ रेषेत बसत नाही. पुष्कळ ब्रिटिश इंजिनांत दोन्ही अर्ध्यांच्या तळाशी यासाठीच जोडीचे आकडे ठोकलेले असतात. सिलिंडर झिजला असल्यास रीबोअर करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून, ०.०२०, ०.०४० किंवा फार तर ०.०६० इंच मोठा पिस्टन बसवतात. त्यापुढे लायनर, म्हणजे सिलिंडरला आतून नवे अस्तर, घालून मूळ मापावर परतावे लागते.

गाडी थंड असताना चालू होते आणि तापल्यावर बंद पडते, या तक्रारीचे मूळ बहुधा मॅग्नेटोत असते. जुन्या वाइंडिंगवरील (तारेच्या वेटोळ्यावरील) लाखेचे आवरण उष्णतेने मऊ होते आणि आतल्या कंडेन्सरमधून (विद्युतभार साठवणाऱ्या भागातून) वीज गळू लागते. वाइंडिंग नव्याने करून आधुनिक कंडेन्सर घातला आणि चुंबक पुन्हा भारला, की मूळ मॅग्नेटो विश्वासाने चालतो. पेट्रोलच्या टाकीतील गंज काढण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातील विद्युत अपघटन उपयोगी पडते. मात्र त्यात स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नये, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे सुटतात. टाकीला आतून दिलेले जुने रेझिन इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये सुटून कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसते.

मुलाम्याच्या बाबतीत काळ पाहावा लागतो. १९२० च्या दशकाअखेरपर्यंत निकेल वापरले जाई आणि त्याची झाक किंचित पिवळसर असते; त्याआधीच्या गाडीवर निळसर क्रोम खटकतो. उच्च ताणक्षम पोलादी बोल्टांना मुलामा देताना आम्लातील हायड्रोजन धातूत शिरून तो ठिसूळ होतो, म्हणून मुलाम्यानंतर ते लगेच सुमारे २०० अंश सेल्सियसला काही तास भाजतात. रंगासाठी मूळ भट्टीतल्या इनॅमलऐवजी आता पावडर कोटिंग सर्रास दिले जाते. ते मजबूत असले तरी जाड थरामुळे क्रमांक आणि ओतकामाच्या खुणा बुजतात.

जुने ब्रेक लायनर आणि पॅकिंग यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव गृहीत धरून ते कोरडे घासत नाहीत आणि त्यांवर हवेचा झोतही मारत नाहीत. चाकाचे आरे नव्याने भरून आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढल्यावर टायर मात्र नवाच घेतात. २००० सालापासूनच्या टायरवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असते, त्यावरून दुकानात पडून राहिलेला टायर ओळखता येतो.

जोडणी पूर्ण झाल्यावर ठिणगीचा प्लग काढून इंजिन हाताने फिरवतात आणि तेल परतीच्या नळीतून तेलाच्या टाकीत येत असल्याची खात्री झाल्यावरच किक मारतात. पहिल्या छोट्या फेरीनंतर तेल बदलून सर्व नट-बोल्ट आणि सिलिंडरहेड पुन्हा आवळतात, व पहिले काही शे किलोमीटर वेग कमी-जास्त करत, पूर्ण जोर न देता गाडी चालवतात. दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास कार्ब्युरेटरमधील पेट्रोल काढून टाकणे, बॅटरी सुटी करणे आणि चाके जमिनीपासून उचलून ठेवणे एवढी काळजी बहुतेक संग्राहक घेतात.