जमिनीखालच्या केबलला लोखंडी चिलखत कशाला?

सोसायटीच्या गेटजवळच्या फीडर पिलरमधून (वीज वाटून देणारी ती लोखंडी पेटी) मीटर रूमकडे जी जाडजूड काळी केबल जाते ती बहुतेक वेळा साडेतीन कोरची आर्मर्ड केबल असते, कोर म्हणजे आतली एकेक इन्सुलेटेड तार आणि आर्मर म्हणजे स्टीलचं चिलखत. साडेतीन म्हणजे तीन फेज पूर्ण जाडीचे आणि न्यूट्रल साधारण निम्म्या जाडीची, कारण तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर न्यूट्रलमधून करंट फारसा जातच नाही (एलईडी नि कॉम्प्युटर वाढल्यापासून हे गणित जरा बिघडलंय, पण तो वेगळा विषय).

कापलेलं टोक बघितलं की सगळं कळतं. आत अॅल्युमिनियमच्या तारा, त्यावर एक्सएलपीई, मग चारही कोर एकत्र बांधणारं पीव्हीसी, त्यावर पिळून गुंडाळलेल्या गॅल्व्हनाइज्ड स्टीलच्या पट्ट्या आणि सगळ्यात बाहेर परत काळं पीव्हीसी. एक्सएलपीई म्हणजे पॉलिथिनच्याच साखळ्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या, त्यामुळे ते तापलं तरी वितळून वाहत नाही. कंडक्टर कायम ९० डिग्रीला चालला तरी चालतं, साध्या पीव्हीसीला ७०च.

आता त्या पट्ट्यांचं. लोकांना वाटतं आर्मर आहे म्हणजे जेसीबी आला तरी काही होत नाही. अहो, जेसीबीचा बकेट ती केबल मुळ्यासारखी उपटतो! आर्मर कुदळ, पहार, मातीतले टोकदार दगड आणि ओढताना बसणारा ताण यांच्यासाठी आहे, आणि माझ्या मते त्याहून मोठं काम म्हणजे अर्थिंग. कुदळीचं टोक आत घुसताना आधी आर्मरला लागतं मग फेजला, आणि आर्मर अर्थ केलेलं असेल तर फॉल्टचा बराचसा करंट तिथूनच परत जातो, फ्यूज उडतो, खणणारा माणूस वाचायची शक्यता खूप वाढते. पण त्यासाठी टोकाला पट्ट्या नीट उलगडून ग्लँडच्या (केबलचं टोक पेटीला पकडून ठेवणारा धातूचा भाग) शंकूवर आवळाव्या लागतात आणि ग्लँडला अर्थ द्यावा लागतो. कित्येक ठिकाणी पट्ट्या सरळ हॅकसॉने उडवून वर टेप मारलेली दिसते, मग आत इन्सुलेशन गेलं की ते आर्मरच लाइव्ह होऊन बसतं आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही.

सिंगल कोर केबलला मात्र स्टील चालत नाही. तीन फेज एकत्र असले की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जवळपास खोडून टाकतात, एकटी फेज असेल तर तिचं सतत उलटसुलट होणारं क्षेत्र स्टीलमध्ये शिरून त्याला तापवत राहतं, म्हणून एसी लाइनवर तिथे अॅल्युमिनियमच्या तारांचं आर्मर देतात.

टाकायची पद्धतही ठरलेली आहे. आपल्या आयएस १२५५ या भारतीय मानकाप्रमाणे एलटी (म्हणजे कमी दाबाची) केबल निदान ७५ सेंटीमीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा किंवा फरश्या, म्हणजे पुढे कोणी खणलं तर आधी वीट लागेल. वाळू नुसती गादी म्हणून नाही, दगड टोचू नयेत म्हणून.

खरा शत्रू पाणी. केबल ओढताना बाहेरचं पीव्हीसी खरचटलं तर लगेच काहीच होत नाही, केबल मस्त चालते. मग पाणी आत शिरतं, पट्ट्यांमधल्या फटींतून लांबवर सरकतं, पट्ट्यांवरचं जस्त संपतं, स्टील गंजतं, आणि कुठेतरी आतल्या इन्सुलेशनलाही इजा झालेली असेल तर अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते. मेगरचं (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) रीडिंग खाली खाली येत जातं आणि एक दिवस भर पावसात फेज जातो, तेव्हा खड्डा नेमका कुठे खणायचा ते शोधायला थंपर लावतात, तो केबलमध्ये मोठे झटके सोडतो आणि फॉल्टच्या जागी जमिनीतून धप्प धप्प आवाज येतो.