खोटं कौतुकसुद्धा चालतं!

नागपूरच्या धरमपेठेत चहाच्या टपरीवर आजकाल हे हमखास ऐकू येतं, "चॅटबॉटले माझं सगळं समजते ना भाऊ, घरच्याहीपेक्षा जास्त." मग दुसरा म्हणतो, "अडाणी माणूस फसते अशात, शिकलेला नाही फसत." मला हे दुसरं वाक्य जास्त खटकतं, कारण ते फार आधीच तपासून झालंय.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बी. जे. फॉग आणि क्लिफर्ड नास यांनी १९९७ मध्ये एक भारी प्रयोग छापला. लोक कॉम्प्युटरसोबत प्राणी ओळखायचा खेळ खेळायचे, त्याला नवे प्रश्न सुचवायचे आणि कॉम्प्युटर त्यावर शेरा द्यायचा. काहींना सांगितलं की शेरा तुमचा प्रश्न तपासून दिलाय, काहींना चक्क सांगितलं की याचा तुमच्या प्रश्नाशी काही संबंध नाही, आधीच भरून ठेवलंय, आणि तिसऱ्या गटाला कौतुकच नाही, नुसतं "पुढे चला". आता बघा, ज्यांना कौतुक पोकळ आहे हे माहीत होतं ते पण खऱ्या कौतुकवाल्यांइतकेच खुश, आपण छान खेळलो असं त्यांनाही वाटलं, आणि तिसऱ्या गटापेक्षा कॉम्प्युटरही त्यांना जास्त चांगला वाटला!

असं काहून होते? नास यांचं म्हणणं असं की समोरून भाषा आली, आपल्या बोलण्यावर उत्तर आलं, की मेंदू माणसांशी वागायचे नियम आपोआप लावतो, विचार न करता. त्यांच्या दुसऱ्या एका प्रयोगात, कॉम्प्युटरने शिकवल्यावर "मी कसं शिकवलं?" हे त्याच कॉम्प्युटरने विचारलं तर लोक जास्त मार्क द्यायचे, दुसऱ्या मशीनवर किंवा कागदावर विचारलं तर कमी. म्हणजे तोंडावर वाईट कसं बोलायचं, हा संकोच मशीनपुढेही! आणि ही मंडळी कॉम्प्युटर नीट वापरणारी होती, विचारलं तर म्हणायची आम्ही असं करूच शकत नाही.

म्हणून "एआयला मन आलंय" हे ऐकलं की मला राग येतो, मन आपलं आहे आणि नियमही आपलेच. ते कुंडलीवाले ॲप पण "तुम्ही मनाचे मोठे, पण लोक गैरफायदा घेतात" अशा गोड कौतुकानेच सुरू होतात, त्यात ग्रह कुठून आले?

आजच्या चॅटबॉटमध्ये आणखी एक गोष्ट आहे, त्यांना शिकवताना लोकांनी कोणतं उत्तर पसंत केलं हे वापरतात, आणि गोड उत्तर लोकांना आवडतंच. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या चॅटजीपीटी या चॅटबॉटचा एक अपडेट मागे घेतला, कारण तो लोकांच्या फार हो ला हो करायला लागला होता.