हेवी लायसन्सचा अर्ज नेमका कुठे अडतो

ट्रकवर क्लीनर म्हणून पाच-सहा वर्षं काढलेली, गाडीवर हात बसलेली पोरं आरटीओच्या खिडकीवरून परत येतात. गाडी येत नाही म्हणून नव्हे, कागदामुळे.

सगळ्यात जास्त जण एक वर्षाच्या अटीत अडकतात. ट्रान्सपोर्ट वाहनाचं, म्हणजे ट्रकसारख्या धंद्याच्या गाडीचं, लर्निंग काढायचं तर हलक्या वाहनाचं, म्हणजे कारचं, पक्कं लायसन्स मिळून एक वर्ष पूर्ण झालेलं लागतं. चार वर्षांपूर्वीचं मोटारसायकलचं लायसन्स यात धरत नाहीत, कारच्या लर्निंगची तारीखही धरत नाहीत. लायसन्सवर एलएमव्हीसमोर (म्हणजे हलक्या वाहनासमोर) छापलेली तारीख बघा आणि तिथून बारा महिने मोजा. वय २० पूर्ण हवं. अठराव्या वर्षी कारचं लायसन्स काढून ठेवलं तर पुढे खोळंबा होत नाही. घरात कुणी या धंद्यात उतरणार असेल तर त्याला हे आजच सांगा.

आठवी पासची अट २०१९ मध्ये रद्द झाली. तरीही ‘दाखल्याची सोय करून देतो’ म्हणत पैसे उकळणारे भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. वयाचा पुरावा मात्र लागतोच, आणि आधारवर ‘बाळू’ अन् शाळेच्या दाखल्यावर ‘बाळासाहेब’ असेल तर आधी नाव दुरुस्त करून घ्या, मगच अर्ज भरा.

डॉक्टरचा दाखला फॉर्म १-ए मध्येच हवा. दवाखान्याच्या लेटरहेडवर ‘फिट आहे’ असं लिहून आणलेलं चालत नाही. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, हे त्यात डॉक्टरांनी लिहायचं असतं. चष्मा लागला असेल तर तो करूनच जा.

आता फॉर्म ५. हेवीसाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, मग तुम्ही मालकाच्या ट्रकवर कितीही शिकलेले असा. स्कूलच्या भिंतीवर फॉर्म ११ मधला परवाना लावलेला असतो. त्यात जड वाहन शिकवायची परवानगी आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, हे पैसे भरण्याआधी वाचा. नुसती कार शिकवणाऱ्या स्कूलचा फॉर्म ५ हेवीसाठी बिनकामाचा. नियमाप्रमाणे शिक्षण किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तासांचं. काही ठिकाणी स्टिअरिंगला हात न लावता कागद मिळतो. तो घेऊ नका. भरलेला ट्रक घाटात उतरवताना तो कागद ब्रेक लावत नाही, आणि ते पंधरा तास तुमच्या हक्काचे आहेत.

बाकी अर्ज सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर भरायचा, फी तिथेच ऑनलाइन.

लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्यासाठी अर्ज करता येतो. हे ३० दिवस त्या सहा महिन्यांतलेच असतात, वेगळे मिळत नाहीत. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलेल्यांना ट्रायलचा स्लॉट मिळत नाही आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. ट्रायलला जड वाहनच न्यावं लागतं, तेव्हा गाडी कोण आणणार हे स्कूलशी आधीच ठरवून घ्या.

छोटा टेम्पोच चालवायचा असेल तर एवढी धावपळ नको. मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. घातक माल असेल तर ही सवलत नाही.

लायसन्स मिळालं की कार्डावरच्या दोन तारखा नीट बघा. एनटीसमोरची (नॉन-ट्रान्सपोर्ट) तारीख खासगी वाहनाची, ती लांबची असते. तीच वाचून कितीतरी जण निर्धास्त राहतात. तुमच्या कामाची तारीख टीआरसमोरची (ट्रान्सपोर्ट), पाच वर्षांची. घातक मालाच्या टँकरसाठी तीनच वर्षं, आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाची उजळणी. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सूट होती, ती आता नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी वर्षभर करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ट्रायल.