अफ्रोबीट म्हणजे जेम्स ब्राऊनची कॉपी? नाही हो!

जुनं नायजेरियन फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं संगीत, कुणाला ऐकवलं की हमखास एक वाक्य येतं, "हा तर आफ्रिकेतला जेम्स ब्राऊन!" ब्राऊन म्हणजे अमेरिकन फंकचा बादशहा. अफ्रोबीट घडवणाऱ्या नायजेरियन फेला कुटीवर अमेरिकन फंकचा असर होता हे खरंच, ब्राऊनच्या शैलीत गाणाऱ्या सिएरा लिओनच्या जेराल्डो पिनोनं साठच्या दशकातच नायजेरियातलं लागोस शहर हलवलं होतं आणि १९६९ची अमेरिका वारी तर फेलाला बरंच काही देऊन गेली, पण कॉपी? फेलाचा पाया हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं संगीत) आणि जॅझ, त्यात योरुबा समाजाचे ताल, आणि ड्रम्सवर टोनी ॲलन, ज्याचे चार हातपाय चार वेगळी कामं करायचे. उलट १९७०मध्ये ब्राऊनची टीम नायजेरियात आली तेव्हा त्यांचा अरेंजर (वाद्यांची रचना बसवणारा) टोनीच्या हातापायांच्या हालचाली बघून लिहून घेत होता, असं टोनीनंच सांगितलंय. म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून.

पटत नसेल तर फेलाचं १९७५चं 'वॉटर नो गेट एनिमी' लावा, हेडफोन लावूनच, आणि गाणं सोडून नुसता हाय-हॅट (ड्रम्समधली पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) ऐका, एकसारखा वाजतोय असं वाटतं आणि मध्येच हळूच उघडतो. माझं तर तिथेच अडकतं, दहा मिनिटं कुठे जातात कळत नाही.