नववा महिना आणि अपुरा पडणारा श्वास

“पोट एवढं आलंय, दम लागणारच.” दिवस भरत आलेल्या प्रत्येक बाईने हे वाक्य कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकलेले असते. ते खरेही आहे. शेवटच्या तिमाहीत दहापैकी सहा-सात जणींना जिना चढताना, भरभर बोलताना, कधी बसल्या जागीसुद्धा श्वास अपुरा पडल्यासारखे वाटते. पण श्वसनमार्गाच्या आजाराची साथ असेल तर हेच वाक्य घात करू शकते. दम लागणे ही गरोदरपणाचीही खूण असते आणि फुप्फुसात उतरलेल्या संसर्गाचीही. त्यातून ती बाई रोज कामावर जात असेल, तर ‘चालायचंच’ म्हणून सोडून द्यायचे की डॉक्टरांकडे जायचे, हे तिला एकटीलाच ठरवावे लागते.

कोविडच्या काळात मी याच विषयावर पुष्कळ लोकांशी बोललो. जवळजवळ प्रत्येकाकडे एकच उत्तर तयार होते: गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून जपायचे. हे उत्तर चूक आहे असे नाही, पण ते इतके अर्धवट आहे की त्यातून निघणारे उपाय भलतीकडेच जातात. प्रतिकारशक्ती ‘कमी’ होत नाही, तिची मांडणी बदलते. गर्भाच्या निम्म्या गुणसूत्रांवर वडिलांचा वारसा असतो, म्हणजे शरीराच्या दृष्टीने तो अर्धा परका. त्याला परका म्हणून हाकलू नये यासाठी वारेच्या (प्लॅसेंटाच्या) आसपास रोगप्रतिकारक पेशींना आवर घातला जातो. तरीही गरोदर बाई लसीनंतर प्रतिपिंडे व्यवस्थित तयार करते आणि बहुतेक संसर्गांशी नेहमीसारखीच लढते. वेगळेपण दिसते ते संसर्ग फुप्फुसात उतरल्यावर.

आकडे हेच सांगतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आजारी पडलेल्या १,३५० गरोदर स्त्रियांची माहिती पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साधारण निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावल्या. २००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेतल्या मृतांमध्ये गरोदर स्त्रिया सुमारे ५ टक्के होत्या; लोकसंख्येत त्यांचा वाटा जेमतेम १ टक्का. २०२० मध्ये कोविडची लक्षणे असलेल्या, १५ ते ४४ वयाच्या सुमारे चार लाख स्त्रियांची आकडेवारी तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने मांडली. गरोदर नसलेल्यांत दर हजारी ३.९ जणींना अतिदक्षता विभागात हलवावे लागले, तर गरोदर स्त्रियांत दर हजारी १०.५ जणींना. म्हणजे हजारातल्या सुमारे ९९० जणींवर ती वेळ आली नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. ब्रिटनमध्ये पहिल्या लाटेत रुग्णालयात दाखल झालेल्या ४२७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतल्या बहुतेक जणी शेवटच्या तिमाहीत होत्या. पहिल्या तीन महिन्यांपेक्षा शेवटचे तीन महिने का नडतात? प्रतिकारशक्तीच्या उत्तरात याचा उलगडा होत नाही. तो होतो श्वासाच्या यंत्रणेत, आणि शरीरशास्त्रात यापेक्षा सुंदर काही मी वाचलेले नाही.

सुरुवात मेंदूपासून करू. श्वास कधी आणि किती घ्यायचा हे ठरवणारे केंद्र मेंदूच्या तळाशी असते आणि ते लक्ष ठेवते मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर. तो वाढला की श्वास वाढतो. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक या केंद्राला हळवे करून सोडते. एरवी त्याला जेवढा कार्बन डायऑक्साइड चालत होता तेवढा आता जास्त वाटू लागतो. मग श्वासांची संख्या जवळपास तीच राहते, पण प्रत्येक श्वास मोठा होतो. पूर्वी एका श्वासात अर्धा लिटर हवा आत येत असेल, तर आता सुमारे ७०० मिलिलिटर येते. मिनिटाला साडेसात लिटरच्या जागी साडेदहा लिटर. त्यामुळे आईच्या धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटर पाऱ्यावरून ३० ते ३२ पर्यंत उतरतो.

हा खटाटोप बाळासाठी आहे. पोटातल्या बाळाला स्वतःचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला दुसरी वाट नसते, तो वारेतून आईच्या रक्तात जावा लागतो. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. म्हणून आई आधी स्वतःच्या रक्तातला दाब उतरवून ठेवते आणि बाळाच्या कार्बन डायऑक्साइडला उतार मिळतो.

ऑक्सिजनची बाजू याहून विलक्षण आहे. आईच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिलिमीटर असतो, पण वारेकडून बाळाकडे जाणाऱ्या ‘शुद्ध’ रक्तात तो असतो जेमतेम ३०. एवढ्या दाबावर आपले हिमोग्लोबिन साधारण निम्मेच भरेल. बाळाचे हिमोग्लोबिन मात्र वेगळ्या घडणीचे असते. आपल्या लाल पेशींतला एक फॉस्फेटयुक्त रेणू हिमोग्लोबिनला चिकटून त्याची ऑक्सिजनवरची पकड सैल करतो. बाळाच्या हिमोग्लोबिनला तो रेणू नीट चिकटतच नाही. त्यामुळे आपले हिमोग्लोबिन निम्मे भरायला सुमारे २७ मिलिमीटर दाब लागतो, तिथे बाळाचे सुमारे २० मध्येच निम्मे भरते. त्यात आणखी एक गंमत घडते. बाळाचे रक्त वारेत कार्बन डायऑक्साइड सोडते तेव्हा त्याची आम्लता घटते आणि पकड आणखी घट्ट होते. तोच कार्बन डायऑक्साइड घेतल्याने आईच्या रक्ताची आम्लता वाढते, पकड सैल होते आणि ते ऑक्सिजन अधिक सहज सोडते. एका देवाणघेवाणीत दोन्हीकडून फायदा.

आता या व्यवस्थेची दुखरी बाजू. वाढते गर्भाशय श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, साधारण ४ सेंटिमीटर वर ढकलते. बरगड्या फाकतात, छातीचा घेर ५ ते ७ सेंटिमीटरने वाढतो, त्यामुळे जोर लावून घेता येणारा श्वास फारसा घटत नाही. घटते ते उच्छ्वासानंतर फुप्फुसात मागे उरणारी हवा. ही शिल्लक हवा म्हणजे घरावरची पाण्याची टाकी: नळ बंद झाला तरी थोडा वेळ तिच्यावर निभते. गरोदरपणाच्या अखेरीस ही टाकी सुमारे पाचव्या हिश्शाने लहान झालेली असते आणि घरातला खर्च, म्हणजे शरीराची ऑक्सिजनची गरज, सुमारे पाचव्या हिश्शाने वाढलेली असते. ०.८ भागिले १.२ करून पाहा. टाकी पूर्वीच्या दोन-तृतीयांश वेळातच रिकामी होते. पाठीवर निजल्यावर ती आणखी आक्रसते. शस्त्रक्रियेआधी भूल देताना श्वास काही क्षण थांबतो, तेव्हा गरोदर बाईच्या रक्तातला ऑक्सिजन इतरांपेक्षा दुपटीहून अधिक वेगाने घसरतो, हे भूलतज्ज्ञांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे.

म्हणून न्यूमोनियाने फुप्फुसाचा एक भाग निकामी केला, तर धडधाकट बाई जिथे तग धरते तिथे नऊ महिन्यांची गरोदर बाई लवकर खचते. हे खचणे फसवेही असते. रक्ततपासणीत कार्बन डायऑक्साइड ४० आला तर इतर कोणाच्या बाबतीत आपण निर्धास्त होऊ. तिच्या बाबतीत तो ३० च्या आसपास असायला हवा, म्हणून ४० चा अर्थ ती श्वास घेऊन घेऊन थकत चालली आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेही तसेच. एरवी ९२-९३ वर डॉक्टर कधी थांबून पाहतात. गरोदरपणात ९५ च्या खाली जाऊ द्यायचे नाही, कारण बाळाकडचा पुरवठा आईच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबावर चालतो. गडद त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हेही २०२० मध्येच ठळकपणे पुढे आले. म्हणून आकडा ९५ असला आणि बाईला गुदमरल्यासारखे होत असेल, तर विश्वास बाईवर ठेवायचा.

श्वासाचे हे गणित कामाच्या ठिकाणी नेले की ज्या गोष्टीकडे कोणी फारसे पाहिले नाही ती दिसते. हवेतून पसरणाऱ्या आजारात शरीरात किती विषाणू जातील हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: हवेत ते किती आहेत, मिनिटाला किती हवा आत घेतली जाते आणि किती वेळ. मधली संख्या गरोदर बाईच्या बाबतीत सुमारे ४० टक्क्यांनी मोठी आहे. आठ तासांच्या पाळीत शेजारी बसलेली सहकारी ३,६०० लिटर हवा घेते, तेव्हा ही ५,००० लिटरहून जास्त घेते. हा हिशेब बसून केलेल्या कामाचा. उठबस असेल तर दोघींचे आकडे वाढतात. तिचा श्वास कमी करता येत नाही, करूही नये. तेव्हा उरलेल्या दोन संख्या खाली आणायच्या: हवेतले विषाणू आणि त्या हवेतला वेळ.

आणि इथेच कोविडच्या पहिल्या वर्षात आपण टेबले पुसण्यात वेळ घालवला. हात धुणे चांगलेच आहे, पण बोलताना-खोकताना उडणारे बारीक थेंब बंद खोलीत तासन् तास तरंगतात आणि त्यांना दोन मीटरची रेघ अडवत नाही. त्यांना अडवते खेळती हवा. खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलली जात असेल तर तरंगणाऱ्या कणांपैकी ९९ टक्के बाहेर जायला सुमारे ४६ मिनिटे लागतात. तीनच वेळा बदलत असेल तर दीड तास. खोली कोंदट आहे की नाही हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या लहानशा यंत्राने कळते. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,०००. खोलीत ८०० दिसले तर आपण घेत असलेल्या हवेचा शंभरावा भाग आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून येऊन गेलेला आहे. १,२०० दिसले तर पन्नासावा. गरोदर बाईला कुठे बसवायचे हे ठरवायला याहून सोपे मोजमाप मला माहीत नाही: आकडा सर्वांत कमी असेल ती जागा तिची, आणि बहुधा ती उघड्या खिडकीजवळ असते.

ब्रिटनमध्ये २०२० साली २८ आठवड्यांनंतर अधिक काटेकोर काळजीचा सल्ला दिला गेला. आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना त्यानंतर थेट रुग्णांच्या सहवासातून दूर ठेवण्याची शिफारस झाली. २८ हा आकडा कुणी पंचांग पाहून काढलेला नाही, श्वासपटल आणि टाकीचे वर सांगितलेले गणित साधारण तेव्हापासून अंगावर येऊ लागते. घरून करता येईल ते काम घरून, नाहीतर कमी माणसांच्या आणि मोकळ्या हवेच्या जागी, गर्दीची वेळ टाळून. पगार कापून घरी बसवणे हा मला सुरक्षेचा उपाय वाटत नाही. पैशाच्या ओढीने ती लक्षणे लपवून कामावर येईल, मग सगळ्यांचाच धोका वाढेल.

मास्क लागतोच. एन-९५ मास्क नीट बसला तर बारीक कणांपैकी ९५ टक्के अडवतो. सैल मास्क कडेने हवा आत घेतो. शेवटच्या महिन्यांत चेहरा थोडा सुजतो, म्हणून सहा महिन्यांपूर्वी नीट बसलेला मास्क पुन्हा तपासून घ्यावा. तो लावून श्वास घ्यायला थोडे जास्त कष्ट पडतात, तेव्हा दर तास-दीड तासाने मोकळ्या हवेत जाऊन तो काढण्याची मुभा हवी. त्याच वेळी चार पावले चालणेही होते. बाळंतपणातल्या रक्तस्रावाची तयारी म्हणून गरोदरपणात रक्त लवकर गोठू लागते, कोविडसारखा संसर्ग ते आणखी वाढवतो, आणि खुर्चीत तासन् तास बसून राहिल्याने पोटरीत गुठळी होण्याची शक्यता त्यात भर घालते.

आता थोडे रागाने लिहितो. दहा सेकंद श्वास रोखून धरता आला तर कोविड नाही, असा संदेश २०२० मध्ये जगभर फिरला. तो साफ खोटा होता. कित्येक रुग्ण दहा सेकंद सहज श्वास रोखत होते, आणि टाकीच लहान झालेली निरोगी गरोदर बाई त्यात नापास होऊन घाबरून जात होती. दुसरी अफवा लसीची: विषाणूच्या काट्याचे प्रथिन वारेतल्या ‘सिन्सिटिन’ प्रथिनासारखे असल्याने लसीमुळे शरीर वारेवरच हल्ला करेल, अशी. दोन्ही प्रथिनांत नाव घेण्यासारखे साम्य नाही. लस घेतलेल्या असंख्य स्त्रियांना पुढे सुखरूप बाळे झाली. या अफवेवर विसंबून लस टाळलेल्या कित्येक गरोदर स्त्रिया डेल्टा लाटेत अतिदक्षता विभागात पोहोचल्या, याचे मला आजही वाईट वाटते. शेवटच्या तिमाहीत आईची प्रतिपिंडे वार स्वतःहून ओढून बाळाकडे पाठवते; पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती आईपेक्षाही जास्त सापडतात. म्हणजे तेव्हा घेतलेली लस दोघांच्या कामी येते.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो: दम लागला तर कधी जायचे? गरोदरपणातला दम आठवड्यांच्या गतीने वाढतो, थोडे टेकून बसले की उतरतो आणि त्याबरोबर ताप-खोकला नसतो. दोन दिवसांत वाढलेला दम, एक वाक्य सलग बोलता न येणे, बसूनही न थांबणारी धाप, छातीत दुखणे, एकाच पायाची सूज, ऑक्सिमीटरवर ९५ पेक्षा कमी आकडा, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले एकही दिसले तर कामाची पाळी संपायची वाट पाहू नये, तसेच उठून रुग्णालय गाठावे. डोके ठणकणे आणि डोळ्यांपुढे काजवे चमकणे ही रक्तदाबाची खूण. कोविड झालेल्या गरोदर स्त्रियांत तो त्रास अधिक दिसला आहे.

प्रसूती झाली की श्वासपटल खाली येते, प्रोजेस्टेरॉन काही दिवसांतच ओसरते आणि श्वास पूर्ववत होऊ लागतो. रक्ताचे तसे नसते. गुठळी होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, आणि पूर्ण उतरायला तो त्याहून जास्त वेळ घेतो. दम थांबला म्हणून महिनाभरात तिला कामावर परत बोलावणाऱ्यांनी हे सहा आठवडे आधी मोजावेत.