सिस्टर, माझ्याच वाट्याला का?

कॅन्सर वॉर्डात नाइट ड्युटी केलेल्या सिस्टरांना हा प्रश्न नवा नाही. सगळे झोपलेले असतात आणि एखादे काका हळूच विचारतात, "सिस्टर, मी कुणाचं काय वाईट केलं होतं हो?" आपण लगेच म्हणतो, असं बोलू नका काका, सगळं नीट होईल. हेतू चांगलाच असतो, पण काका तिथेच गप्प होतात आणि परत तो विषय काढत नाहीत. अशा प्रश्नांना जागा देणं, पेशंटला मनातून कशाचा आधार आहे ते समजून घेणं, हीच आध्यात्मिक काळजी.

यात सायन्स कुठे आलं? तर दुखण्यात. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं की दुखण्याचे सिग्नल मेंदूकडे जसेच्या तसे जात नाहीत, मज्जारज्जूत ते कमीजास्त होतात आणि त्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या सिग्नलचाही हात असतो, म्हणजे भीती, एकटेपणा, अपराधीपणा हे सगळं दुखणं खरोखर वाढवू शकतं. लंडनमध्ये १९६७ ला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करून काळजी घेणारी संस्था, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, पाठीच्या त्रासामुळे ते काम सुटलं, मग सोशल वर्कर आणि पुढे डॉक्टर झाल्या. त्या म्हणायच्या की दुखणं शरीराचं असतं तसंच मनाचं, घरच्या काळज्यांचं आणि आध्यात्मिकही असतं. पण म्हणून त्यांनी औषध कमी केलं नाही हं, उलट दुखायला लागायची वाट न बघता मॉर्फिन घड्याळ लावून द्यायला लावलं. नुसतं नामस्मरण करा म्हणून पेनकिलर टाळणं ही आध्यात्मिक काळजी नाहीच, तो पेशंटवर अन्याय आहे. मुंबईत १९८६ पासून वांद्र्याचं शांती अवेदना सदन याच हॉस्पिसच्या वाटेने काम करतंय.

आणि आध्यात्मिक काळजी म्हणजे देवधर्म शिकवायचा नसतो. क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी यासाठी सोपी प्रश्नावली बनवली, विश्वास कशावर आहे, आयुष्यात त्याला किती महत्त्व, सोबतीला माणसं कोण, आणि यात आम्ही काय करावं. आपल्याकडे एवढं विचारलं तरी चालतं, "काका, अवघड वेळेला कशाचा आधार वाटतो?" कुणी पांडुरंग म्हणेल, कुणी नातवंडं, कुणी शेत. ऑपरेशनच्या आधी तुळशीची माळ काढावी लागली तर ती का काढतोय ते सांगून त्यांच्यासमोरच घरच्यांच्या हातात द्यायची, ट्रेमध्ये टाकायची नाही.

खरी पंचाईत होते ती नातेवाईक दाराबाहेर गाठून "त्यांना काही सांगू नका" म्हणतात तेव्हा. सिस्टरने खोटंही बोलू नये आणि एकदम सगळं सांगूनही टाकू नये. "तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" असं विचारून थांबायचं, ऐकायचं आणि ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं. बऱ्याचदा पेशंटला बरंच काही कळलेलं असतं, घरच्यांना त्रास नको म्हणून तोही बोलत नाही.

अख्खा वॉर्ड एकटीवर असताना सिस्टरने वेळ कुठून आणायचा, हे खरंच आहे आणि स्टाफ वाढायलाच हवा. तोवर सलाईन बदलायला ती कॉटजवळ जातेच, तेव्हा विचारता येतं, आणि काकांना धाकट्या भावाशी बोलायचंय असं कळलं तर बीपी-शुगरसोबत हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या ड्युटीवालीला द्यायच्या नोंदीत, तेही लिहायचं, म्हणजे सकाळच्या ड्युटीवाली घरच्यांना सांगून फोन लावून देऊ शकेल.