अपघातानंतर दारूची टेस्ट : रक्त कधी घेतात, कागद कुठले लागतात

गाडी ठोकली, पोलीस आले आणि गर्दीतला कोणीतरी ओरडला ‘टाइट आहे हा’, तर पुढे काय होतं ते सांगतो, महाराष्ट्रापुरतं. पहिलं मशीनमध्ये फुंकायला लावतात. 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागलंच. फुंकणार नाही म्हणून अडून बसलात तर संशयावरून वॉरंटशिवाय उचलू शकतात, आणि तो नकार कोर्टात तुमच्याच अंगावर येतो.

185 खाली अटक झाली की 2 तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला लागते, नाहीतर कस्टडीतून सोडावं लागतं, त्यामुळे अटकेची वेळ नातेवाइकांनी मोबाइलमध्ये लिहून ठेवा, नंतर कोणाला नीट आठवत नाही. जखमी होऊन ॲडमिट असाल तर रक्त घ्यायच्या आधी पोलिसांना उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगावं लागतं, त्यांनी तब्येतीच्या कारणावरून नको म्हटलं तर नमुना घेता येत नाही.

आता खरी गंमत सुई टोचताना. दारूबंदी कायद्याखालच्या 1959 च्या नियमांत रक्त काढताना अल्कोहोल कुठेही लागू द्यायचं नाही असं आहे, पण सवयीने हात स्पिरिटच्या बोळ्याकडेच जातो हो! ‘सिस्टर, स्पिरिट नको’ म्हणायला लाजू नका. बाटली समोर सील झाली का, लेबलवर नाव आणि वेळ बरोबर आहे का तेही बघा. मे 2024 च्या कल्याणीनगर पोर्शे प्रकरणात नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली होती, म्हणून सांगतोय.

ही केस ऑनलाइन चलान भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. पहिल्यांदा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही. कोणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेची कलमं वेगळी.

सोबत लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधार, जामीनदाराचे कागद ठेवा, औषधं चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी, ॲडमिट होतात तर डिस्चार्ज कार्ड. लायसन्स जप्त केलं तर पावती मागून घ्या. एफआयआरची कॉपी आणि लॅबचा रिपोर्ट वकिलामार्फत काढा, कारण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम टाकलात की इन्शुरन्सवाले तेच मागतात, आणि टेस्ट झालीच नाही म्हणून क्लेम मिळेल असंही धरून चालू नका, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने टेस्ट नसतानाही इतर पुराव्यावरून क्लेम नाकारणं योग्य ठरवलंय.